चाळणीवरचं

११ जानेवारी

माती-खत तपासणी केंद्रातला भिंगवाला सकाळी येऊन गेला. त्याचं खरं नाव मला तीनदा सांगून झालंय, पण गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग दिसलं की नाव डोक्यातून जातं. त्याने ही वही दिली. म्हणाला, "रोज किती उगवलं तेवढा आकडा लिहा मावशी, बाकी काही नको." नुसते आकडे लिहायला मी काय वजनकाटा आहे? पाने भरपूर आहेत. दुपारी जेवण झाल्यापासून दुसरं पाणी द्यायच्या वेळेपर्यंत मला तसंही कुणी विचारत नाही.

तर आकडे. कोबी, पेरून सहावा दिवस. एका ट्रेत अठ्ठ्याण्णव खण. पहिल्या ट्रेत उगवले एकसष्ट. दुसऱ्यात अठ्ठावन्न. तिसरा मोजला नाही, जीवावर आलं.

अठरा वर्षं आम्ही दोघी बहिणी रोपं तयार करतो. पेरणी आणि रोपांची निगा माझ्याकडे, खत धाकटीकडे. भाजीबाजारातला ओला कचरा गाडी आणून टाकते, धाकटी तो कुजवते, चाळते, आणि त्याच खतात मी बी लावते. पूर्वी ट्रेमागे चार-पाच खण रिकामे राहिले तरी मी दिवसभर तोंड पाडून बसायचे. मागच्या वर्षी वीस रिकामे राहायला लागले. आता चाळीस.

काल दोघींनी मिळून ठरवलं. म्हणजे मी बोलले आणि तिने मान हलवली. आता मिरचीची मोठी पेर आहे, ती नीट आली तर पुढे चालू ठेवायचं, नाही आली तर कुलूप. कुलूप लागलं की धाकटी तिच्या लेकीकडे राहायला जाणार. भाची दोन वर्षं तिच्या मागे लागली आहे. मी कुठे जाणार हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर ती गेली की मला या घरात एक आठवडासुद्धा राहवणार नाही. हे वहीत लिहिते आहे, तिला सांगणार नाही.

१५ जानेवारी

बियाण्याची चौकशी केली. ओल्या कागदात पन्नास बिया गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. अठ्ठेचाळीस फुटल्या. म्हणजे बियाणं निर्दोष सुटलं. पाणी आम्ही पितो तेच. ट्रे मी स्वतः धुते, त्यात खोट निघायची नाही. राहिलं काय? खत.

१६ जानेवारी

आज काही रोपं उपटून पाहिली. मूळ आखूड, टोकाला तपकिरी. मुळावर जी पांढरी लव असते ती जवळजवळ नाहीच. जी रोपं उगवलीत तीही उगवायचं म्हणून उगवलेली. पाणी दिल्यावर ट्रेत वर निळे-पांढरे कण तरंगतात, साय धरल्यासारखे. मी ते बोटाने पुसून टाकते.

मी धाकटीला सरळ म्हटलं, "खत कच्चं आहे तुझं."

ती चहा गाळत होती. म्हणाली, "कच्चं नाहीये ताई. चार महिने झालेत ढिगाला."

"मग रोपं काय माझ्यावर रुसलीत?"

ती गाळणं झटकत राहिली. तिचं हे असंच. मी दहा वाक्यं बोलायची आणि तिने एक गिळायचं.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, भिंगवाल्याच्या उपयोगी पडेल. आमच्या घरात 'वरचं' आणि 'खालचं' असे दोन शब्द आहेत. खत चाळलं की चाळणीतून पडतं ते खालचं. चाळणीवर उरतं ते वरचं: पिशव्यांच्या चिंध्या, जुडीच्या दोऱ्या, फळांवरचे चिकट शिक्के, बाटल्यांची झाकणं. बाजारवाले भाजीबरोबर सगळं पाठवतात. पूर्वी धाकटी तासन् तास बसून ते हाताने वेचायची आणि पोत्यात भरून बाजूला ठेवायची. तरी एखादी चिंधी निसटायची आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. शिवाय तिची बोटं थंडीत आखडायची, सकाळी मूठ मिटायची नाही. ते मला बघवेना. दोन वर्षांपूर्वी मी भुगा करायचं मशीन आणलं. सगळं एकदम टाकायचं, खाली पिठासारखं बारीक खत. चिंधी नाही की दोरी नाही. वरचं म्हणून काही उरतच नाही. मशीन आलं त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, "घे, तुझी बोटं सुटली." ती रडली होती. मला वाटतं तिच्या लग्नातसुद्धा ती एवढी रडली नव्हती, आणि तिथे तर रडायला कारण होतं.

त्यामुळे आळस हे कारण असू शकत नाही. म्हणजे खतच कच्चं असणार.

२३ जानेवारी

कोबीवाल्या काकांनी निम्मे ट्रे परत पाठवले. भांडले नाहीत, हेच जास्त लागलं. गाडीतून उतरवताना म्हणाले, "तुमच्याकडचं रोप म्हणजे डोळे मिटून लावायचं, असं मी सगळ्यांना सांगायचो." सांगायचो, म्हणाले. आता सांगत नाहीत.

संध्याकाळी मी धाकटीवर तोंड टाकलं. नको ते बोलले. तू लेकीकडे जायच्या घाईत आहेस, म्हणून खताकडे तुझं लक्ष नाही, असंही बोलले. ती म्हणाली, "तसं नाहीये ताई. मिरचीपर्यंत मला वेळ दे." आणि दिवा घेऊन खताच्या शेडकडे गेली. माझं जेवण कडू झालं. तिचं झालंच नाही.

२ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. थकवा. पाणी, ट्रे, पाणी, ट्रे.

धाकटी हल्ली दुपारी शेडमध्ये जाऊन बसते ती दिवेलागणीला येते. मशीनचा आवाज ऐकू येत नाही. तीन आठवडे झाले, एकदासुद्धा घरघर नाही. मी एकदा डोकावले तर खाली फळकुटावर बसलेली, पाठमोरी, समोर चाळण. हाक मारली तर दचकली आणि चाळणीवर पोतं ओढलं. रुसून बसायला माणसं गच्चीवर जातात, ही खताच्या ढिगाशी बसते.

घरातही लक्ष नाही. काल कप फोडला, आज दुसरा. स्वेटरची बटणं न लावताच वावरते, थंडीत. मी म्हटलं, "अगं, जरा नीट राहा, गिऱ्हाइकं येतात." तर म्हणते, "उकडतंय मला." जानेवारी-फेब्रुवारीत उकडतंय. माझा काटा काढायचा चिमटाही जागेवर नाही. विचारलं तर म्हणाली, "मी घेतलाय, देते." दिला नाही.

६ फेब्रुवारी

मिरचीच्या आधी चाचणी म्हणून थोडा कोबी पेरला. धाकटीने स्वतः दोन बादल्या खत आणून दिलं. म्हणाली, "हे नवं आहे, ह्यात लाव." हातात घेतलं तर जरा भरड, पूर्वीसारखं. मी म्हटलं, "मशीनमधून काढलं नाहीस?" म्हणाली, "लाव ना तू."

१२ फेब्रुवारी

चौऱ्याण्णव! दुसऱ्या ट्रेत पंच्याण्णव. पुन्हा मोजले, बोट लावून मोजले. मुळं लांब, पांढरी, लवेने भरलेली. मी ट्रे उचलून तशीच स्वयंपाकघरात गेले, मातीचे पाय घेऊन. धाकटीने बघितलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. किती दिवसांनी हसली.

शेवटी माझं बोलणं लागू पडलं म्हणायचं. तिने यावेळी खत नीट मुरू दिलं. थोडं कडक बोलल्याशिवाय कामं होत नाहीत, हे मी जन्मभर सांगते आहे.

भिंगवाला आला होता. त्यालाही दाखवलं. त्याने जानेवारीत नेली होती तशी या खताचीही एक पुडी बांधून नेली.

मिरचीची पेर एकवीस तारखेला. दोनशे ट्रे. देण्याची तारीख गिऱ्हाइकांना कळवून टाकली. आज बऱ्याच दिवसांनी दुपारी डोळा लागला.

१७ फेब्रुवारी

धाकटी तीन दिवसांसाठी लेकीकडे गेली. कुठल्याशा डॉक्टरांना दाखवायचंय म्हणाली. कशासाठी विचारलं तर "चष्म्याचं असेल काहीतरी" म्हणाली. स्वतःच्या डोळ्यांचं 'असेल काहीतरी'!

निघताना फाटकातून परत आली. "ताई, नव्या ढिगाला हात लावू नकोस. मी आले की दोघी मिळून भरू."

"बरं बाई."

"आणि शेडमध्ये जाऊ नकोस, घाण झालीय. मी येऊन आवरते."

माझ्याच शेडमध्ये मला मज्जाव. मी मान हलवली.

१८ फेब्रुवारी

शेडमध्ये गेले. जायचं नव्हतं, पण ट्रे मोजायला म्हणून गेले आणि पाय तिकडे वळले.

नवा ढीग निळ्या कापडाखाली झाकलेला, चांगला कमरेइतका. पण त्याच्या शेजारी, मागच्या भिंतीला, सात पोती. उघडून बघते तर वरचं! चिंध्या, दोऱ्या, शिक्के, नखाएवढे तुकडे, त्याहून बारीक तुकडे, आणि त्यांना चिकटलेलं काळंभोर खत. म्हणजे बाईसाहेबांनी अर्धा माल बाजूला सारून ठेवलाय. मशीन समोर उभं, त्यावर धूळ. सात पोती भरून काम तसंच टाकून दिलं आणि वर मला सांगते, घाण झालीय.

राग आला, पण रागावून काय करणार. तिचं वय झालं, माझंही. अजून दोन दिवस आहेत. ती यायच्या आत मीच करून टाकते. येऊन बघेल तर शेड लखलखीत.

१९ फेब्रुवारी

दिवसभर मशीन चालवलं. सातही पोती दळली. एवढं बारीक झालं की हातावरून वाऱ्याने उडत होतं. सगळं नव्या ढिगात मिसळलं, फावड्याने तीनदा खालवर केलं. ढीग आता छातीपर्यंत आलाय. शेड झाडली, फळकूट धुतलं. फळकुटाखाली माझा चिमटा सापडला, टोकं झिजलेली. हिने त्याने काय केलं कोण जाणे.

कंबर मोडली, पण समाधान वाटलं. कुणासाठी तरी काही केलं की बरं वाटतं. मी तिला तोंडाने कधी गोड बोलत नाही, निदान हातांनी तरी.

२० फेब्रुवारी

धाकटी आली. मी चहासुद्धा न देता तिला शेडमध्ये नेलं. म्हटलं, "बघ."

ती बघत राहिली. भिंतीकडे, मग ढिगाकडे, मग मशीनकडे. पिशवी खांद्यावरून खाली उतरवायचीही तिला आठवण राहिली नाही.

"सगळं घातलंस?"

"एक चिमूटभरसुद्धा वाया जाऊ दिलं नाही."

तिने ढिगावर तळहात टेकवला. म्हणाली, "छान स्वच्छ केलंस ताई." आणि आंघोळीला गेली. तासभर पाण्याचा आवाज येत होता. प्रवासाचा शीण असणार. तरी माणसाने जरा तरी बरं वाटल्याचं दाखवावं. दिवसभर कंबर मोडली त्याचं एवढंच मोल.

रात्री जेवताना म्हणाली, "मिरचीसाठी बाहेरून तयार मिश्रण आणूया का?"

मी उडालेच. "अठरा वर्षं बाहेरचं नको म्हणून तूच अडून बसलीस ना?"

"मग पेर दोन महिने पुढे ढकलू."

"तारखा देऊन झाल्यात. दोन महिन्यांनी मिरची कोण लावणार, तू की मी?"

ती भाताशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "बरं. भरू उद्या." डॉक्टर काय म्हणाले विचारायचं राहूनच गेलं.

२१ फेब्रुवारी

मिरची पेरली. दोनशे ट्रे, दोघींनी. बी टाकताना धाकटीच्या हातून सारखं सांडत होतं, शेवटी ती नुसते ट्रे उचलून देत होती. पूर्वी तिचा हात माझ्यापेक्षा चपळ चालायचा.

१ मार्च

आठवा दिवस. ट्रेमागे दोन, तीन, कुठे पाच. मिरचीला वेळ लागतो. पाहू.

३ मार्च

दहावा दिवस. वीस, सतरा, चोवीस. पाणी दिलं की वर तीच साय, यंदा दाट. पुसून पुसून बोट रंगीत झालं. आता खताला कच्चं म्हणवत नाही, हेच खत गेल्या महिन्यात चौऱ्याण्णव देत होतं.

धाकटीला म्हटलं, "तू काही बोल ना."

म्हणाली, "काय बोलू?"

४ मार्च

भिंगवाला दुपारी आला. दोन पांढरे गोल कागद आणले होते. दोन्ही ओट्यावर ठेवले आणि भिंग माझ्या हातात दिलं. धाकटी पाठीमागे दाराशी उभी होती.

पहिला कागद जानेवारीच्या खताचा. कुजलेलं सगळं औषधाने विरघळवून टाकल्यावर उरलं ते यात गाळलेलं. भिंगातून पाहिलं तर कागद भरून निळे, पांढरे, लाल, हिरवे ठिपके. "हे सगळं प्लॅस्टिक," तो म्हणाला. "मुठीएवढ्या खतात हजाराच्या वर. मोठा तुकडा असता तर बी त्याच्या बाजूने उगवलं असतं. पण हे इतकं बारीक आहे की बियाच्या सालीवर जाऊन बसतं. बियाला पाणी प्यायची जी बारीक भोकं असतात ती बुजतात. काही बिया फुटतात, त्यांच्या कोवळ्या मुळाला ते चिकटतं. मग मूळ वाढत नाही. आणि खत पाणीही नीट धरत नाही, एकीकडे चिखल, एकीकडे कोरडं."

दुसरा कागद बारा फेब्रुवारीच्या पुडीचा. त्यावर पाच-सहा ठिपके. मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. पाच-सहाच.

"हेच मला समजत नाही," तो म्हणाला. "कचरा तोच, गाव तेच. हे खत कुणीतरी भुगा न करता, चाळून, एकेक तुकडा हाताने वेचून केलेलं आहे. साध्या बोटांनी इतकं निघत नाही, चिमटा लागतो. असा ढीग करायचा तर महिनाभर तरी बसावं लागेल. कुणी केलं?"

मी मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

भिंगवाल्याला मी भिंग परत दिलं. तो गेला. मी स्टुलावर बसून राहिले. सात पोती. मी सात पोती दळली. तिने एक एक करून बाहेर काढलेलं मी दळून परत आत घातलं, फावड्याने तीनदा खालवर करून. आणि वर तिला म्हटलं, बघ.

५ मार्च

काल पुढचं लिहवेना. आज लिहिते.

धाकटी मागच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत म्हणजे... मशीन आलं त्याच वर्षी शंका आली. पाण्यावर साय यायला लागली तेव्हा. पण खात्री नव्हती ना ताई. म्हणून म्हटलं, एक ढीग जुन्यासारखा करून बघू."

"मग मला सांगितलं का नाहीस? चौऱ्याण्णव आले त्या दिवशी तरी!"

ती म्हणाली, "तू माझ्यासाठी आणलं होतंस ते मशीन. आख्ख्या जन्मात माझ्यासाठी कुणी काही आणलं नव्हतं. त्यानेच वाटोळं झालं असं तुझ्या तोंडावर कसं सांगू? म्हटलं, मिरची पार पडू दे, मग हळूच सांगेन."

"आणि वीस तारखेला? पेरायच्या आधी?"

"तू इतकी खुशीत होतीस," ती म्हणाली. "आणि मी फार दमले होते ताई. खरंच फार दमले होते."

मग मी तिचे हात हातात घेतले. तिने ओढून घेतले नाहीत. बोटांची टोकं सालपटलेली, नखांच्या कडा चिरलेल्या, आणि मी दाबलं तर तिला कळत नव्हतं. डॉक्टरांकडे ती चष्म्यासाठी गेलीच नव्हती. मनगटातली शीर दबली आहे, बोटांची संवेदना परत येईल की नाही ते सांगता येत नाही, बारीक काम पूर्ण बंद, असं त्यांनी सांगितलंय. बटणं लागत नव्हती म्हणून उकडत होतं तिला. आणि मी वहीत लिहून ठेवलंय, नीट राहत नाही म्हणून. मागची पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत. राहू देत, माझी लायकी कळायला.

८ मार्च

मशीनची वायर कापून टाकली. जुन्या ढिगातला थोडा माल घेऊन मी वेचायला बसले. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. अर्धी बादली झाली. तेही न दळलेल्या मालातलं. दळलेल्याला तर हातच लावता येत नाही, ते वेचायचं म्हणजे पिठातून मीठ काढायचं. संध्याकाळी माझी मान वळेना. तिने कमरेएवढा ढीग केला होता. मी लहान मुलीसारखी रडले, बादलीत तोंड घालून.

मिरची सरासरी एकतीस. दोनशे आकडे लिहिण्यापेक्षा भिंगवाल्याला हा एकच पुरे.

१२ मार्च

भाची येऊन धाकटीला घेऊन गेली. ठरल्याप्रमाणे. मिरची आली नाही, कुलूप लागायचं होतं, लागलं. धाकटी म्हणाली, "इथे राहून मी तुझ्या काय कामाची आता?" मला म्हणायचं होतं की कामाची हवीस असं कुणी म्हटलं. पण भाची सामान बांधत होती, गाडीवाला भोंगा वाजवत होता, आणि माझ्या तोंडून निघालं ते, "डबा सांडू नका, रस्सा आहे त्यात."

गाडी वळणापर्यंत गेली. धाकटीने मागे पाहिलं की नाही ते धुळीत दिसलं नाही.

१५ मार्च

तीन दिवस एकच विचार पोखरतोय. उगवली नाहीत त्या रोपांचं सोडा. उगवली त्यांचं काय? दोन वर्षांत आमच्याकडून जे जे रोप गेलं ते मुळाशी खत घेऊन गेलं. प्रत्येक रोपाबरोबर एक मूठ. ती मूठ कुणाच्या ना कुणाच्या जमिनीत आहे. लोकांनी डोळे मिटून लावलं.

विक्रीच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं आहेत. एक्केचाळीस घरं. सांगायला तर हवं. पत्राने सांगता येईल, पण ते पळून जाणं झालं.

१६ मार्च

पहिले कोबीवाले काका. त्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं, भुग्यापासून भिंगापर्यंत. काही लपवलं नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग चपला घातल्या आणि मला शेतात घेऊन गेले. वाफ्यातली माती उकरून तळहातावर घेतली, फुंकर मारली. निळा कण राहिला, मोहरीपेक्षा लहान.

"हे काढायचं कसं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. मला माहीत असेल असं समजून.

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि माती परत टाकायच्या ऐवजी रुमालात बांधून खिशात ठेवली. मला चहा विचारला. मी घेतला नाही.

दुसऱ्या घराच्या फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले.

१७ मार्च

आज एकाही घरी गेले नाही. ट्रे धुतले. धुतलेले पुन्हा धुतले.

दुपारी धाकटीला फोन केला. भाचीने उचलला, तिच्या कानाला धरला असेल. मी काकांचं सगळं सांगितलं. रुमालाचंही.

"अजून चाळीस घरं आहेत," मी म्हटलं.

"हं."

"मला जमत नाहीये."

भाचीच्या घरातला पंखा फिरत असल्याचं ऐकू येत होतं. आणि मग माझ्याच कानांना खरं वाटेना अशी मी बोलले. म्हटलं, "तू ये. मला एकटीला होत नाही हे. काहीच होत नाही तुझ्याशिवाय. तू निघालीस तेव्हाच म्हणायचं होतं, ते रश्शाचं भलतंच बोलून गेले."

"अगं पण ताई, माझे हात..."

"हात नकोत मला तुझे. वेचायचं काही नाही. लोकांच्या दारात जाऊन उभं राहायचं आहे. मी बोलेन. तू नुसती शेजारी थांब."

मला वाटलं फोन तुटला. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती भाचीला काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

"सकाळची गाडी किती वाजता असते गं?" धाकटीने विचारलं.

मी सांगितलं, सव्वासहाला.